चाळीस पायांची मापं

माझ्या मापांच्या वहीत एका पानावर देशपांडेबाईंच्या ब्लाउजचं माप आहे आणि ते पान उलटलं की कोपीच्या पुढच्या डाव्या पायाचं. कोपी हा कुत्रा. त्याच्यामागून आणखी नऊ कुत्री, आणि मग पुन्हा माणसं सुरू होतात. दुकान बंद करून मला आता काही वर्षं झाली, कपाटं विकली, मशीन दिलं, पण ही वही मी टाकलेली नाही. आमचे हे म्हणतात, "हिला नातवंडांच्या वाढदिवसाच्या तारखा सापडत नाहीत, कुत्र्यांची मापं मात्र बरोब्बर सापडतात." म्हणू देत.

माझं दुकान सिंगापुरात, हौगांगमध्ये, एका ब्लॉकच्या तळाशी होतं. एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला कुंड्या विकणारा म्हातारा. पाटीवर एकच शब्द, अल्टरेशन. म्हणजे नवं शिवायचं कमी, आणि दुसऱ्यानं शिवलेलं उसवून गिऱ्हाइकाच्या अंगाला बसवायचं जास्त. ऑफिसच्या पँटी आखूड करा, चिनी नववर्षाआधी चिनी बायकांचे चाँगसाम, म्हणजे त्यांचे अंगाबरोबर बसणारे झगे, सैल करा, दिवाळीआधी आपल्या बायकांचे ब्लाउज सैल करा. सैल करणंच जास्त, घट्ट करायला फारसं कोणी येत नाही. एक गृहस्थ तर दर सहा महिन्यांनी तीच पँट घेऊन यायचे आणि दर वेळी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "लॉन्ड्रीत आकसली." मी म्हणायची, हो हो, लॉन्ड्र्या फार वाईट झाल्यात हल्ली.

माझा एकच गर्व होता. तेवीस वर्षांत माझ्या हातचं काम दुरुस्तीला परत आलं नाही. बाहेरून चांगलं कोणीही शिवेल, माझा कपडा आतून उलटून बघा म्हणायची. एक दोरा लोंबताना दिसला तर पैसे परत!

तर तक्रार एकदाच आली. आणि आली तीही थेट उत्तर कॅनडातून, रक्ताचे डाग दाखवत.

आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे मार्केट होतं. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांत, टेओबाईचा फिशबॉल नूडल्सचा स्टॉल. माझ्याच वयाची, बारीक, काटक, तोंडानं फटकळ. म्हणजे माझ्यासारखीच, म्हणून आमचं जमायचं. तिची एकुलती एक मुलगी हुईलिंग. तिच्या शाळेच्या पिनाफोर फ्रॉकची खालची दुमड मी दर वर्षी उसवून सोडायची, इतकी ती भराभर उंच झाली. शिकली, चांगल्या ऑफिसात लागली, आणि सव्विसाव्या वर्षी ते सगळं सोडून कॅनडाच्या उत्तर टोकाला कुत्रे सांभाळायला निघून गेली. बर्फावरची गाडी ओढणारे कुत्रे! ज्या मुलीला एसी चोविसच्या खाली गेला की शाल लागायची, ती उणे तीस डिग्रीत कुत्र्यांची घाण उपसत होती. टेओबाई वर्षभर कोणाला सांगतच नव्हती. विचारलं तर म्हणायची, "ओव्हरसीज पोस्टिंग."

२०१५ च्या सप्टेंबरात एका सकाळी ती दुकानात आली आणि काउंटरवर काहीतरी आपटलं. "आंटी, धिस वन, कॅन मेक ऑर नॉट?"

तिचं इंग्रजी सिंगापूरचं, माझं सांगलीचं. पण इतक्या वर्षांत आम्हां दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं, म्हणून पुढचं मराठीतच लिहिते.

बघते तर एक इवलीशी पिशवी. जाड नायलॉनची, मुठीएवढी, तोंडाशी वेल्क्रोची पट्टी. शिवण बाहेरच्या बाजूला, उघडी. कडेचं कापड उसवू नये म्हणून जाळलेलं, त्यामुळे काळं पडलेलं. मी नाक मुरडलं. "कसलं गबाळं काम आहे हे!"

"कुत्र्याचा बूट आहे," टेओबाई म्हणाली. "सहाशे पाहिजेत."

मी खुर्चीतच बसले.

झालं होतं असं. हुईलिंग जिथे काम करायची त्या केनेलच्या मालकानं तिला एक संधी दिली होती. त्याची मुख्य टीम वेगळी. उरलेल्यांतली दहा कुत्री, काही म्हातारी, काही अगदी नवखी, तिनं तयार करायची आणि फेब्रुवारीच्या मध्यावर लांब पल्ल्याची एक शर्यत पळायची. पाचशे किलोमीटर. जिंकायचं नाही, नुसती पुरी करायची. पुरी केली तर पुढच्या वर्षी नोकरी पक्की आणि टीम तिची. नाही केली तर करार संपला, व्हिसा संपला, घरी परत. कुत्री मालक देणार, बाकी खर्च तिचा. साठवलेले पैसे प्रवेश फी आणि कुत्र्यांच्या खाण्यात गेले. राहिले बूट.

हे बूट का लागतात, तेही मला तेव्हाच कळलं. बर्फ आपल्याला वाटतो तसा कापसासारखा नसतो. वरचा थर काचेसारखा होतो, तळवे कापतो, बोटांच्या बेचक्यांत गोळे धरतो. म्हणून प्रत्येक कुत्र्याला चार बूट. आणि एक बूट एखाददोन दिवसांत झिजून जातो. वाटेतल्या मुक्कामांवर डॉक्टर प्रत्येकाचे पाय तपासतात, पाय खराब असला की कुत्रा बाद. पाचांपेक्षा कमी उरले की शर्यतच बाद. म्हणजे सगळा खेळ पायांचा! तयार बूट घ्यायचे तर हुईलिंगचा दीड महिन्याचा पगार जात होता. म्हणून तिनं एक नमुना आईला पाठवला आणि सोबत चिठ्ठी: पद्मा आंटीला विचार. आंटी, हुबेहूब असाच हवा.

खरं सांगते, माझ्या अंगात वारं शिरलं! तेवीस वर्षं पँटी आखूड केल्यावर कोणी येऊन सांगतं की तुझ्या शिवणीवर दहा कुत्री पाचशे किलोमीटर पळणार आहेत. मला पन्नाशी उलटून गेलीय हेच विसरले मी.

मापं आली. हुईलिंगनं प्रत्येक पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवलेली, खाली नाव. सगळी नावं इथल्या खाण्यापिण्याची, पोरीला घरची आठवण येत असणार. कोपी, म्हणजे इथली कॉफी, हा पुढारी, सगळ्यांच्या पुढे पळणारा. लाक्सा ही त्याच्या जोडीची, नऊ वर्षांची, जुनी जाणती कुत्री, हिची ही शेवटची शर्यत असं तिनं लिहिलं होतं. मी चाळीस पायांची मापं वहीत उतरवली. पुढचे पाय मोठे, मागचे लहान असतात, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी टिपून ठेवा.

कापड मिळालं उबी भागातल्या एका दप्तरं शिवणाऱ्या कारखान्यात. तो बंद होत होता, उरलेले तागे जवळजवळ फुकट दिले. रंग दोनच, राणी आणि पोपटी. टेओबाई म्हणाली, "कुत्रे लग्नाला चाललेत की काय?" मी म्हटलं, बरंच आहे, बर्फात पडला तर सापडेल तरी.

आता प्रश्न थंडीचा. सिंगापुरात बसून मला कसं कळणार, उणे तीसमध्ये दोरा तुटतो की राहतो? टेओबाईला ज्याच्याकडून मासे यायचे त्याचं सेनोकोला कोल्ड स्टोरेज होतं. एका सकाळी आम्ही दोघी तिथे गेलो. बरोबर शुभांगी. ही सेंगकांगला राहणारी, नवरा आयटीत, स्वतः डिपेंडंट पासवर, त्यामुळे नोकरी नाही आणि हाताला चैन नाही. माझ्याकडे शिवण शिकायला यायची. तिच्या नवऱ्याचं युरोप टूरचं जाकीट मी चढवलं, ते माझ्या गुडघ्यापर्यंत. डोक्याला मफलर. आत गोठलेल्या माशांच्या रांगा आणि मध्ये आम्ही तिघी, मुठींवर राणी रंगाचे बूट घालून, भिंतींवर दणादण बुक्के मारतोय! तिथला कामगार दारातून बघत होता. त्यानं टेओबाईला चिनीत काहीतरी विचारलं. तिनं काय उत्तर दिलं देव जाणे, पण तो दार उघडं टाकून पळाला.

त्या एका तासात पुष्कळ कळलं. साधं इलॅस्टिक थंडीत पापडासारखं कडक होतं. सुती दोरा ओला होऊन गोठला की तुटतो, पॉलिएस्टरचा टिकतो. वेल्क्रो रुंदच हवं. बाहेर आल्यावर शुभांगीचे दात वाजत होते, तरी ती नाचत होती. "पद्माताई, आपण संशोधन केलं, संशोधन!"

परत येताना शुभांगी सेंगकांगला उतरली आणि आम्ही दोघी पुढे निघालो. बसमध्ये टेओबाईनं पिशवीतला एक बूट काढून त्याची शिवण चाचपली. मग हळूच म्हणाली, "आंटी, तो दुसरा दोरा वापर ना."

"कुठला?"

"तुटणारा. थोडाच. दोन-चार बूट फाटले तर कुत्री काही मरत नाहीत. शर्यत अर्धी राहील, ती घरी येईल. मी साठीला आलेय. स्टॉल कोण बघणार? मला कोण बघणार?"

मला राग आला. तिची कीव नाही आली, राग आला. तेव्हा कीव यायला हवी होती, हे आज कळतं. मी म्हटलं, "टेओबाई, माझ्या दुकानातून कच्चं काम बाहेर जात नाही. पोरीला आणायचं तर तू विमानात बसून जा आणि घेऊन ये. माझ्या दोऱ्याला मध्ये घालू नकोस." ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "ओके लाह. चांगलं शिव."

आणि शिवलं हो मी चांगलं! इथेच तर माती खाल्ली.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत आम्ही बोटभर कापड जास्तीचं ठेवतो. त्याला माया म्हणतात. उद्या बाई अंगानं भरली तर शिवण उसवून ब्लाउज सैल करता येतो. माया न ठेवता शिवणारा शिंपी म्हणजे चोर, असं माझ्या गुरुबाई सांगायच्या. आणि शिवण नेहमी आत, कड दुमडून, बाहेरून काही दिसता कामा नये. हे हातात इतकं मुरलेलं असतं की डोकं चालायच्या आधी हात चालतात.

नमुन्याची ती उघडी, काळी शिवण मला बघवत नव्हती. हुबेहूब असाच हवा, असं पोरीनं लिहिलेलं मी वाचलं होतं. पण मनात म्हटलं, तिला बिचारीला काय कळतंय, तिथे कोणी धड शिवणारं नसेल. मी बूट उलटवला. शिवण आत घेतली, माया ठेवली, कड दुमडून दुहेरी टीप मारली. काय देखणे झाले होते सांगू! राणी रंगाचे, पोपटी पट्टीचे, गुळगुळीत. मुठीवर घालून बघितले, झकास. इथे सरकारी फ्लॅटमध्ये फक्त छोटी कुत्री पाळायला परवानगी, त्यामुळे तेवढ्या मोठ्या पंजाचा कुत्रा काही आजूबाजूला नव्हता. माझ्या मुठीनं तक्रार केली नाही, मी समाधानी.

डिसेंबरात शंभर बूट सरावासाठी रवाना केले. शुभांगीनं आणि मी बाकीचे पाचशे जानेवारीपर्यंत संपवले. हुईलिंगचा मेसेज आला, "आंटी, सो प्रिटी!" मी तो इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना दाखवला. टॅम्पिनीसच्या कोपऱ्यापर्यंत माझं कौतुक पोचलं.

संक्रांतीनंतर चारेक दिवसांनी सकाळी व्हिडिओ कॉल आला. हुईलिंग केनेलच्या शेडमध्ये बसली होती, मांडीवर एका करड्या कुत्रीचा पंजा. बोटांच्या मधलं कातडं सोललेलं, लाल. "लाक्सा आहे आंटी," ती म्हणाली. रडत नव्हती, पण आवाज बारीक झाला होता. "पहिला लांबचा सराव झाला काल. तिचा पाय फाटला. आणखी चौघांना फोड आलेत. आतली शिवण घासते. मी पाठवलेला नमुना बाहेरच्या शिवणीचा होता ना?"

तोंडात मारल्यासारखं झालं.

"मी आधीच ओळखायला हवं होतं," ती म्हणाली. "फार सुंदर दिसत होते म्हणून मी पण... आंटी, माझ्याकडे दुसरे घ्यायला पैसे नाहीत."

कॉल संपला. दहा मिनिटांत टेओबाई दुकानात हजर. अंगावर स्टॉलचा ॲप्रन, हाताला मासळीचा वास. मुलीनं तिला आधीच सांगितलं होतं. चेहरा पांढराफटक. दारातच उभी राहून तिनं विचारलं, "तू माझं ऐकलंस?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बसमधलं ते बोलणं. तिला वाटलं, तिच्या सांगण्यावरून मी मुद्दाम कच्चं शिवलं.

"नाही गं बाई," मी म्हटलं. "माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम मी त्यात घातलं होतं."

हे सांगताना मला जेवढी लाज वाटली तेवढी मुद्दाम कच्चं शिवून वाटली नसती. ती स्टुलावर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी रोज देवाला सांगत होते, तिला परत आण. त्या कुत्रीचा पाय मी मागितला नव्हता." आणि तोंड ॲप्रनमध्ये घालून रडली. मग मलाही रडू आलं. न्हावी डोकावून गेला.

रडून झालं, मग मी कात्री घेतली आणि एक बूट उलटा केला. शिवण बाहेर आली, पण वेल्क्रोची पट्टी आत गेली. म्हणजे पट्टी उसवायची, बूट उलटायचा, माया कापून काडीएवढी ठेवायची, कड जाळायची आणि पट्टी बाहेरून परत शिवायची. असे पाचशे. चिनी नववर्ष तीन आठवड्यांवर, त्याआधी आठवडाभर कुरिअरवाले नवी पार्सलं घेणं बंद करणार होते. पार्सल पोचायला दहा-बारा दिवस. थोडक्यात, हातात बारा दिवस.

आणि हाच माझा हंगाम! चाँगसाम घेऊन बायका दारात रांग लावतात ते हेच दिवस. मी दाराला कागद लावला, नवीन काम बंद. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी त्या दिवसापासून माझं तोंड पाहिलं नाही. त्याचं वाईट वाटतं अजून, नाही असं नाही.

मंडळाच्या ग्रुपवर मी जसं घडलं तसं लिहिलं. माझी चूक झालीय, उसवायला हात हवेत. चार दिवसांपूर्वी जिथे कौतुक झालं तिथेच हे लिहायला किती जड गेलं, ते ज्याचं त्याला माहीत. पण बायका आल्या! दुपारी मुलं शाळेतून यायच्या आत दोन तास, कोणी सुट्टीचा अख्खा दिवस. दुकानात जागा नव्हती म्हणून बाहेर व्हॉइड डेकवर, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, चटया टाकल्या. कोणी चिवडा आणला, कोणी उरलेला तिळगूळ. बँकेतल्या मोठ्या हुद्द्यावरच्या एक बाई हातात अर्धं ब्लेड घेऊन उसवायला बसल्या आणि दर दहा मिनिटांनी म्हणत होत्या, "मीटिंगपेक्षा बरं आहे हे."

कड जाळायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस, जन्मात सिगारेट ओढली नाही, आणि आता हातात लायटर. पहिल्या दिवशी स्वतःचा अंगठा भाजला, चार बूट भाजले. दुसऱ्या दिवसापासून एकदम सराईत. येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवायला लागले, "अगदी टोकालाच धरायची ज्योत, आत नाही."

पण खरी कमाल केली टेओबाईनं. दुपारी दोनला स्टॉल बंद करून ती यायची. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, तिच्यापुढचा ढीग सगळ्यांच्या दुप्पट. अहो, ज्या बाईनं चाळीस वर्षं माशाचा काटा मोडू न देता त्याचं मांस खरवडून काढलंय, तिच्या बोटांपुढे माझी टीप ती काय! कापडाला ओरखडा नाही आणि दोरा अख्खा बाहेर. मी म्हटलं, "टेओबाई, मी तुला तेवीस वर्षं कामावर ठेवायला हवी होती."

"पगार परवडला नसता, लाह," ती म्हणाली.

शुभांगी आणि मी मशीनवर. नवव्या दिवशी माझ्या मशीनची मोटर जळली. टेओबाई उठली, शेजारच्या कुंडीवाल्या म्हाताऱ्याकडे गेली आणि त्याच्या बायकोचं जुनं पायाचं मशीन ढकलत घेऊन आली. बायको वारून सहा वर्षं झाली होती, मशीन झाकून ठेवलेलं. म्हाताऱ्यानं तेलाची बुधली पुढे केली. उरलेले ऐंशी बूट मी त्यावर पाय मारून शिवले. मधूनच मनात यायचं, लाक्साचा पाय काही मी परत शिवू शकत नाही. मग आणखी जोरात पाय मारायची.

बाराव्या दिवशी सकाळी अकराला शेवटचा बूट झाला. टेओबाईनं स्वतः तो बघितला. उघडी शिवण, काळी कड, एक दोरा लोंबतोय. अगदी गबाळा. तिनं तो मुठीवर चढवला, मूठ काउंटरवर आपटली आणि म्हणाली, "गुड." मग दोघींनी मिळून खोका कुरिअरला नेला. आठवड्यानं, नववर्षाच्या आदल्या रात्री, मी सगळ्या सुया आणि कात्र्या पेटीत बंद केल्या. नववर्षाच्या पहिल्या दिवशी टेओबाईकडे सुई-कात्रीला हात लावत नाहीत. त्या वर्षी तो नियम मीही पाळला, आनंदानं.

पार्सल शर्यतीच्या सहा दिवस आधी पोचलं. फोड आलेले चौघे बरे झाले. लाक्सा नाही झाली. दहाऐवजी नऊ कुत्र्यांवर हुईलिंग निघाली.

शर्यतीच्या वेबसाइटवर नकाशा होता. प्रत्येक गाडीचा एक ठिपका, त्यावर नंबर. हुईलिंगचा सतरा. मी ह्यांच्या टॅबलेटवर तो ठिपका लावून दुकानात बसायची. पँट शिवताना एक डोळा ठिपक्यावर. पहिल्या दिवशी सतरा नंबर मस्त पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ठिपका हलेना! एक तास, दोन तास, चार तास. मी धावत हॉकर सेंटर गाठलं. टेओबाई नूडल्स उकळत होती, फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, तोही त्याच ठिपक्यावर.

"पाय," ती म्हणाली. तेवढंच.

"पाय नाहीत गं," मी म्हटलं, पण मनात माझ्याही तेच होतं. शेवटी ह्यांना फोन केला. ह्यांनी शर्यतीचे नियम आधीच छापून वाचून काढले होते, अधोरेखित करून! "अगं, तिथे सहा तासांची सक्तीची विश्रांती आहे. पान चार. तुम्ही दोघी काही वाचतच नाही." दहा मिनिटांनी ठिपका हलला. जिवात जीव आला. टेओबाईनं त्या आनंदात एका गिऱ्हाइकाला दहाऐवजी चौदा फिशबॉल वाढले.

मग एक कुत्रा बाद झाला, पण पोटामुळे, पायामुळे नाही. आठ उरले. तिसऱ्या दिवशी वाटेत वादळ, दोन टीम्सनी माघार घेतली. सतरा नंबर गोगलगाईसारखा सरकत होता, पण सरकत होता. चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला मी हॉकर सेंटरमध्येच जाऊन बसले. तिथे तेव्हा संध्याकाळ असणार. स्टॉलपुढे नाश्त्याची रांग. टेओबाईच्या एका हातात झारा, नजर फोनवर. ठिपका शेवटच्या रेघेच्या जवळ. आणखी जवळ. रेघेवर!

"रीच ऑलरेडी!" टेओबाई ओरडली. इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या कॉफीवाल्याच्या हातून कप पडला. "माय डॉटर! रीच ऑलरेडी!" झारा वर धरून ती नाचत होती, गरम पाणी माझ्या हातावर. रांगेतल्या लोकांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटून दुसरा नंबर, आठ कुत्री, बत्तीस पाय शाबूत! मी त्या बाईला मिठी मारली, मासळीच्या ॲप्रनसकट.

मग तिनं गॅस बंद केला. स्टॉल सुरू केल्यापासून भर गर्दीत पहिल्यांदाच. माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आता ती घरी येणार नाही, आंटी." मी मान हलवली. तिनं डोळे पुसले. पुसताना हसतही होती. ते हसू आणि ते रडू, दोन्ही खरी होती, मी शेजारी बसून पाहिलंय.

दुपारी हुईलिंगचा कॉल आला. चेहरा सुजलेला, ओठ फुटलेले, डोळे मात्र असे चमकत होते की वाटलं ही पोर आता उडेल. मी पहिला प्रश्न विचारला, डॉक्टरांनी पाय बघितले? "बघितले आंटी. काहीच बोलले नाहीत, पुढच्या कुत्र्याकडे गेले." बस्स. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं. मग तिनं कॅमेरा वळवला. लाक्सा. मालकाच्या घरात चुलीपुढे झोपलेली, पाय बरा होत आलेला. तिनं डोळे उघडले आणि परत मिटले. तिची शेवटची शर्यत माझ्या सुबक शिवणीनं खाल्ली. माफी मागायची तरी कशी, कुत्र्याची? तेवढं मात्र माझ्याकडे राहून गेलंय.

दिवस गेले. पुन्हा सप्टेंबर आला. मी एका पँटीची दुमड उसवत होते तर काउंटरवर काहीतरी आपटलं. कागदांची गुंडाळी. बारा कुत्र्यांचे पंजे, पेन्सिलीनं आखलेले. टेओबाई ॲप्रनला हात पुसत उभी होती. हुईलिंगनं ते मला नव्हे, आईला पाठवले होते, आणि तिनं प्रत्येक कागदावर चिनीत नाव आणि माप स्वतः लिहून आणलं होतं.

"आठशे," ती म्हणाली. "उसवायला मी नाही, सांगून ठेवते."

"उसवावं लागणार नाही."

"ते बघते मी." मग ती काउंटरवर वाकली, माझी मापांची वही स्वतःकडे ओढली, कोपीचं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवून मला दटावलं, "आणि हे बघ आंटी. ह्या वेळी पण गबाळंच शिव. कळलं? सुंदर नको."